पोईचं भांडं उघडं असताना

बाबांची गिटार गिरगावातल्या आमच्या खोलीत कपाटावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली असायची. रविवारी ती खाली यायची. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवत बाबा सिनेमातली गाणी वाजवायचे. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांच्या रेकॉर्डींचे ते दिवस. 'हवाईन गिटार' शिकणारे हौशी लोक तेव्हा मुंबईत बरेच होते. बाबांचे मास्तर मन लावून शिकवत, पण गिटार सुरात कशी लावायची हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. खुंट्या पिळताना ते बाबांकडे पाठ करून बसत. मधल्या वारी तार उतरली, की बाबांचं वाजवणं पुढच्या शिकवणीपर्यंत बंद. बाबा गेले तेव्हाही त्यांना ती गिटार स्वतः लावता येत नव्हती.

मी 31 वर्षं ठाण्याच्या एका शाळेत संगीत शिकवलं. निवृत्त झाल्यावर ती गिटार खाली काढली आणि शिकत शिकत इतकी आत गेले, की जिथून ही विद्या आली ते बेट बघावं असं वाटू लागलं. गेल्या फेब्रुवारीत लेकीकडे कॅलिफोर्नियात, सनीवेलला होते. तिथूनच आठवडाभरासाठी हवाईला जाऊन आले.

पहिला दिवस, होनोलुलू

सॅन फ्रान्सिस्कोहून साडेपाच तास. सामान टाकलं आणि इओलानी राजवाडा गाठला. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी हिला 1893 साली गादीवरून काढलं आणि 1895 मध्ये याच राजवाड्यात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत जवळजवळ आठ महिने कोंडून ठेवलं. तिथे तिने आणि तिच्या सोबतिणीने शिवलेली गोधडी काचेत ठेवली आहे. पण मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. राणीला वर्तमानपत्र मिळत नसे, कागद-पेन्सिल मात्र मिळे. सुरुवातीला जवळ वाद्य नव्हतं. तेव्हा तिने कागदावर स्वतः रेषा आखल्या, आणि गाणी गुणगुणत स्वरलिपीत उतरवली.

ही हाताने आखलेली रेष मला पुढे चौथ्या दिवशी फार आठवली.

दुसरा दिवस, लाइए

बसने दोन तास, उजवीकडे समुद्र, डावीकडे हिरव्या सुरकुत्यांचे कडे. पावसाळ्यातल्या माळशेजची आठवण यावी असे. लाइए हे जोसेफ केकुकूचं गाव. जन्म 1874 चा. शाळकरी वयात तारांवर लोखंड सरकवून वाजवण्याची युक्ती त्याला सापडली असं इथे मानतात. गावातल्या पॉलिनेशियन कल्चरल सेंटरमध्ये त्याचा पुतळा आहे. गिटार मांडीवर आडवी, अगदी बाबांसारखी.

यावरही वाद आहेच. गॅब्रिएल डेव्हियन नावाचा हिंदुस्थानातून आलेला एक माणूस केकुकूच्या आधीपासून असं वाजवत असे, असंही सांगितलं जातं. मी हिंदुस्थानातली, म्हणून मला त्या दुसऱ्या गोष्टीचा मोह पडायला हवा होता. पण युक्ती पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागली याहून ती जगभर कोणी नेली हे मला मोठं वाटतं, आणि ते काम केकुकूने आयुष्यभर केलं. याच गावात वाढलेले टाऊ मो बायको रोझसह गातवाजवत देशोदेशी फिरले, आणि 1940 च्या दशकात काही वर्षं कलकत्त्यात राहिले. तिथल्या पोरांनी त्यांच्याकडून गिटार उचलली. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग उभा केला. बाबांच्या मास्तरांपर्यंत ती कोणत्या वाटेने आली कोण जाणे, पण उगम इथलाच. पुतळ्यापाशी मी बराच वेळ बसून होते.

तिसरा दिवस, वाइमेआ

हवाईच्या बेटांतल्या सगळ्यात मोठ्या बेटावर कोना विमानतळ चक्क काळ्या लाव्हाच्या पसाऱ्यात आहे. तिथून तासभर वर चढलं, की काळं संपतं, गवत सुरू होतं आणि गारठा लागतो. वाइमेआ गुरांचं गाव. इथल्या बोचऱ्या वाऱ्या-पावसाला स्वतःचं नाव आहे, किपुउपुऊ. लोणावळ्याची भुरभुर, पण जास्त थंड.

1793 मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरने राजा कामेहामेहाला गुरं भेट दिली. राजाने ती मारायला बंदी घातली आणि काही वर्षांत ती रानभर झाली. त्यांना आवरायला 1832 च्या सुमारास तेव्हा मेक्सिकोत असलेल्या कॅलिफोर्नियातून गुराखी आणले गेले, त्यांच्याबरोबर गिटार आली. स्पॅनिश बोलणारे ते 'एस्पान्योल', म्हणून इथला गुराखी 'पानिओलो'. हवाईच्या लोकांनी ती गिटार आपल्या गळ्याला जमेल अशी लावून घेतली, काही तारा सैल करून. की होआलू, म्हणजेच स्लॅक की. ही गिटार नेहमीसारखीच धरतात, कांडी नसते.

हीच गिटार शिकायला मी इथे आले होते. कार्यशाळा एका चर्चच्या दालनात, आम्ही 14 जण. शिकवणारे सत्तरी ओलांडलेले, जन्म गुरांत गेलेला. उजव्या अंगठ्याचं टोक फास टाकताना दोरीत सापडून तुटलेलं. त्याच थोट्या अंगठ्याने ते खर्जाच्या तारा छेडतात, आणि तो आवाज असा भरीव, की पोटात जाणवतो. इथे वडीलधाऱ्यांना सगळे अंकल-आंटी म्हणतात, नातं असो नसो. आपल्या काका-मावशीसारखंच. म्हणून तेही माझे अंकल. त्यांची थोरली बहीण, आंटी, ऐंशीच्या घरातली. स्वयंपाक, हजेरी, प्रार्थना, सगळं तिच्या हातात. तिचा मुलगा, म्हणजे अंकलचा भाचा, हवाईयन माध्यमाच्या शाळेत शिक्षक.

पहिली मिळवणी, म्हणजे तारा सुरात लावायची रीत, 'टारो पॅच'. टारो म्हणजे आपलं अळू, तेव्हा हे 'अळूचं खाचर'. नेहमीच्या गिटारच्या सहावी, पाचवी आणि पहिली अशा तीन तारा एकेक पूर्ण स्वर उतरवायच्या. सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या आणि मी तोंडाने म्हणाले, प सा प सा ग प. तंबोराच की! मग अंकलनी तिसरी तार आणखी अर्धा स्वर उतरवली. तिथे सा चा नि झाला. याला 'वाहिने' म्हणतात, वाहिने म्हणजे बाई. तो नि छेडून लगेच बोट आपटून सा करायचा. दिवसभर आम्ही तेवढंच करत होतो, आणि माझी बोटं सुजली तरी मला थांबवेना.

संध्याकाळी अंकलनी एक गाणं वाजवलं. त्यांच्या आजीसाठी रचलेलं, तिच्या नावाचं. मिळवणी घरातली, तिसरीच. मी मांडीवरच्या मोबाइलवर ते टिपून घेतलं. कोणाला विचारलं नाही.

चौथा दिवस

सकाळी ऑरेगनहून आलेल्या एका निवृत्त इंजिनिअरने ते गाणं कागदावर मांडून आणलं. सहा रेषा आणि त्यांवर आकडे, कोणत्या तारेवर कोणत्या पट्टीत बोट. रात्रभर बसून केलेलं काम, सुबक आणि जवळजवळ बिनचूक. घरची मिळवणीसुद्धा त्याने कानाने ओळखली होती. हे इंटरनेटवर ठेवू, जगभरच्या शिकणाऱ्यांना मिळेल, असं तो आनंदाने सांगत होता.

भाच्याने कागद हातात घेतला. "यात आकडे आहेत," तो म्हणाला. "माझ्या पणजीचं नाव कुठे आहे?"

तिथून पेटलं. इंजिनिअर म्हणाला, त्याचे आधीचे गुरू तीन-चार मिळवण्या कोणाला न देता गेले. त्यांच्या मुलांनाही त्या येत नाहीत. लपवून काय राहिलं? भाचा म्हणाला, लपवणं नाही हे, घर आहे. 1896 च्या कायद्याने शाळांतून आमची भाषा काढली. माझ्या आजीला वर्गात हवाईयन बोलल्याबद्दल मार बसला, म्हणून मामाला भाषा येत नाही. 1978 मध्ये ती राज्यभाषा झाली तोवर मधली पिढी गेली. आता शब्द गाळून नुसते सूर पसरवले, तर राहिलेलंही जाईल. होनोलुलूहून आलेली एक गायिका त्यात पडली. 2005 ते 2011 हवाईयन संगीताला वेगळं ग्रॅमी होतं, सातातली पाच वर्षं ते स्लॅक कीच्या संकलनांना गेलं, आणि मग तो विभागच बंद केला. जगाला आमची गिटार हवी, आमचे शब्द नकोत, असं ती म्हणाली. यावर दोन गिटारवाले चिडले. अंकल खाली मान घालून तार पुसत होते.

मला दोन्हीकडचं पटत होतं आणि म्हणून बोलता येत नव्हतं. आमच्याकडे हेच झालंय. घराण्यातल्या बंदिशी उस्ताद जिवापाड जपत, परका माणूस बैठकीत दिसला तर भलतंच गात. भातखंड्यांनी दारोदार फिरून, आर्जवं करून त्या मिळवल्या, स्वरलिपीत छापल्या. त्यांची क्रमिक पुस्तकं नसती तर माझ्यासारखीला, जिच्या घरात गाणं नव्हतं, काहीच मिळालं नसतं. आयुष्यभर मी भातखंड्यांच्या बाजूची. आणि तरी भाच्याने "नाव कुठे आहे" विचारलं, तेव्हा पर्समधला मोबाइल मला जड वाटू लागला.

आवाज चढत चालले होते. तेवढ्यात आंटी आतून लाकडी वाडगा घेऊन आली. जेवणाची वेळ झालेली. तिने वाडगा लांब टेबलाच्या मधोमध ठेवला आणि वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. बोलली काहीच नाही.

भाचा वाक्याच्या मधे थांबला. गायिका थांबली. अंकलनी गिटार ठेवली. आम्हा बाहेरच्यांना काही कळेना, पण ती शांतता इतकी सपाट होती की आम्हीही गप्प झालो.

नंतर गायिकेने मला हळू आवाजात सांगितलं. वाडग्यात पोई होती, अळूचे कंद शिजवून, कुटून, पाण्याने सैल केलेली. त्यांच्या कथेत आकाशपित्याचं पहिलं मूल मेलेलं जन्मलं. ते पुरलं तिथून पहिलं अळू उगवलं. मग झालेलं दुसरं मूल माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असलं की भाऊ पंगतीत बसलेला असतो. त्याच्यासमोर भांडायचं नाही.

मी दोन बोटांनी पोई खाल्ली. जांभळट-राखाडी, चिकट, तीन दिवसांची म्हणून आंबलेली. आंबिलीची आंबटाई आणि अळकुडीचा गिळगिळीतपणा. माझ्या आजीच्या अळूच्या फदफद्याशी तिचं काहीतरी नातं होतं. एरवी मी चवीबद्दल पानभर लिहिलं असतं. त्या दिवशी मी फक्त माणसांचे चेहरे बघत जेवले. भाच्याने पोईचा वाडगा इंजिनिअरपुढे सरकवला. बघितलं नाही त्याच्याकडे, पण सरकवला.

पाचवा दिवस

सकाळी गिटारी पेटीतच. आंटीने खुर्च्या गोल मांडायला लावल्या. मतभेद सोडवायची त्यांची जुनी रीत आहे, होओपोनोपोनो. ती कुटुंबातल्या कुटुंबात होते आणि आपण कुटुंब नाही, म्हणून हे ते नव्हे, असं आंटीने आधीच बजावलं. पण बसण्याची शिस्त तिथलीच: बोलायचं ते मधल्या वडीलधाऱ्या माणसाला उद्देशून, एकमेकांना नाही. राग चढला की ती हात वर करेल, मग सगळ्यांनी गप्प बसायचं. आधी प्रार्थना झाली.

हा नियम ऐकायला साधा आहे, पण वागायला फार कठीण. इंजिनिअरला भाच्याकडे बघून मुद्दा खोडायचा होता, पण त्याला आंटीकडे वळून "मला माझ्या गुरूची आठवण येते" इथपर्यंत यावं लागलं. ते बोलताना त्याचा गळा दाटला. भाच्याने आईला सांगितलं की काल तो कागद बघून त्याला पहिल्यांदा राग नाही, हेवा वाटला. एका रात्रीत एका परक्या माणसाने मामाची ती मिळवणी ओळखली, आणि ती त्याला स्वतःला अजून वाजवता येत नाही. आंटीने दोनदा हात वर केला. दुसऱ्या वेळची शांतता चांगली दहा मिनिटं होती. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजत होता.

मग तिने मुलाला एकच गोष्ट विचारली. "तुझा मामा कोणाकडे शिकला?"

भाच्याला उत्तर माहीत होतं. मामा लहानपणी स्लॅक की वाजवणाऱ्या गॅबी पाहिनुईच्या रेकॉर्डीवर सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवत शिकले. गॅबीने 1946 मध्ये ध्वनिमुद्रण केलं तेव्हा त्याने वाइमेआच्या या पोराला परवानगी थोडीच दिली होती.

"दोन्ही सांग तुझ्या मुलांना," आंटी म्हणाली.

माझी पाळी आली. मी पर्समधून मोबाइल काढून मांडीवर ठेवला आणि आंटीकडे बघून सांगितलं, परवाचं गाणं मी न विचारता टिपलं. माफी मागणं म्हणजे मिही. माझ्या तोंडून ते इंग्रजीत निघालं, आणि फार अपुरं वाटलं. बाबांच्या मास्तरांची गोष्टही सांगितली, पाठ करून बसण्याची. ती सबब म्हणून नव्हती, पण भीती कुठून आली ते सांगावंसं वाटलं. न मागता घेतलं नाही तर मिळणारच नाही, ही भीती.

अंकल पहिल्यांदा बोलले. "पुसून टाका, सिस्टर."

मी पुसलं. सगळ्यांसमोर.

"जेवण झाल्यावर ओसरीवर या."

माफीनंतर सोडून देणं येतं, त्याला ते 'कला' म्हणतात. उच्चार अगदी आपल्या कलेसारखाच. ऐकून मी दचकले. अर्थ सैल करणं, गाठ सोडणं. होआलू म्हणजेही सैल करणंच. गुंत्याला शब्द हिहिआ.

दुपारी ओसरीवर अंकलनी ते गाणं सहा वेळा वाजवलं. मी विचारायला तोंड उघडलं की आंटी आतून एक म्हण म्हणायची, नाना का माका, होओलोहे का पेपेइआओ, पाआ का वाहा. डोळ्यांनी बघ, कानांनी ऐक, तोंड मीट. माझ्या शाळेत मी मुलांना प्रश्न विचारा म्हणायचे आणि ते चूक नव्हतं. पण तिसऱ्या खेपेला मला थोट्या अंगठ्याची चाल दिसली, चौथ्याला कळलं की तो खर्ज अर्धी मात्रा उशिरा टाकतात. माझ्या मोबाइलमध्ये हे सगळं होतं, पण मी ते कधीच ऐकलं नसतं.

ठरलं ते असं. घरचं गाणं घरातच राहील. अंकलनी स्वतः रचलेली टारो पॅचमधली दुसरी एक धून इंजिनिअरने लिहावी, हवी त्याला द्यावी, पण आकड्यांवर शब्द असावेत आणि सगळ्यात वर कोणासाठी रचली ते नाव. भाचा शेवटपर्यंत "मला पटलेलं नाही" म्हणत होता. शब्द मात्र त्यानेच बसून लिहून दिले. गायिकेचं समाधान झालं नाही, आणि तिची तक्रार मला आजही रास्त वाटते. तिच्या प्रश्नाला त्या खोलीत उत्तर नव्हतं.

सहावा दिवस

दिवसभर सराव. संध्याकाळी गावातले लोक आले, कनिकापिला झाली, म्हणजे गोल बसून जमेल ते वाजवणं. शेवटी सगळे हात धरून 'हवाई आलोहा' म्हणाले. त्याचे शब्द याच वाइमेआत राहिलेल्या लोरेन्झो लायन्स या अमेरिकी मिशनऱ्याचे. त्याची कबर इथल्याच चर्चच्या आवारात आहे. परक्याने लिहिलेलं, पण त्यांच्या भाषेत, आणि आज ते इथल्या प्रत्येक माणसाचं आहे. मी भाच्याच्या शेजारी होते. त्याचा दुसरा हात इंजिनिअरच्या हातात होता.

सातवा दिवस

निघायच्या आधी आंटीने माझी वही मागितली. गाण्याचे शब्द मी देवनागरीत लिहून घेतले होते, लांबवायच्या स्वरापुढे ऽ, जसं आपण बंदिशीत करतो. तिने त्या वळणदार खुणेवरून बोट फिरवलं आणि वाच म्हणाली. मी वाचलं. एका शब्दावर तिने थांबवलं. तिथे दोन स्वरांच्या मधे घशात किंचित अडायचं होतं, मी सलग म्हणाले होते. 'पाउ' म्हणजे संपलं. मधे अडलं की त्याचा अर्थ होतो काजळी. मी तिथे एक टिंब दिलं. ते तिने आणखी तीन ठिकाणी द्यायला लावलं.

अंकल गिटार घेऊन आले. माझ्यासमोर, तोंड माझ्याकडे करून बसले. एकेक खुंटी पिळली, तार छेडली, माझ्याकडे बघितलं. मी तोंडाने स्वर म्हटला. पुढची खुंटी. सहा तारा. मग म्हणाले, "लिहू नका." म्हणून ती मिळवणी इथेही लिहीत नाही.

सनीवेलला पोचले तेव्हा रात्र झाली होती. लेक म्हणाली, एक तरी वाजवून दाखव. तिची गिटार घेतली, खुंट्या सैल केल्या, आधी त्यांच्या आजीचं नाव सांगितलं. तोवर तिने सवयीने मोबाइल पुढे धरला होता.

"तो खाली ठेव," मी म्हटलं. "आणि इकडे, समोर येऊन बस."